आम्ही तिघं घर बघायला जायचो

किस्से कुणी ठरवून जमवत नाही हो. एक सांगायला बसावं, तर त्याच्या मागनं दुसरा येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "मला विसरलास होय?" आमचं तसंच झालं. सन तीसच्या आगंमागं सोलापुरात पेठांच्या बाहेर नवी नवी घरं उठायला लागली. सिमेंट, लोखंडी तुळया, मंगलोरी कौलं! माणसं हौसेनं घर विकत घ्यायला निघाली, पण घर पारखायचं कसं हे कुणाला ठाऊक? मग ती आम्हा तिघांना बरोबर न्यायची.

तिघं म्हणजे अण्णा, बांधकाम खात्यातून रिटायर झालेले ओव्हरसियर. मेहबूबचाचा, जन्मभर थापी चालवलेले गवंडी. आणि मी, एका वकिलाकडचा कारकून. अण्णा भिंत मापायचे, चाचा ती ठोकून बघायचे आणि मी खरेदीचे कागद वाचायचो. रविवारी सकाळी निघायचं, जेवायला घरी परत. फी काय? चहा!

*

पहिलंच घर नव्या पेठेजवळचं. विकणारा गृहस्थ मोठा हौशी. दारातच सांगायला लागला, "सगळं सिमेंट आहे साहेब! चुन्याचा कण सापडला तर नाव बदलीन!"

अण्णांनी ओळंबा सोडून पाहिला. भिंत सरळ होती. घेणारे कापडवाले शेटजी खूश! चाचांनी मात्र खिशातून खिळा काढला आणि गिलाव्यावर नुसता ओढला. गिलावा पिठासारखा खाली आला. आणखी दोनदा ओढला, तर पायाशी वाळूचा लहानसा ढीग.

विकणाऱ्याचा चेहरा पडला. "अहो, मी स्वतः उभा राहून पोती उतरवून घेतली होती!"

बिचारा खरंच बोलत होता. कंत्राटदारानं त्यालाच फसवलं होतं. चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सिमेंट आलं, मालक. तुमी म्हंता ते खरं हाय. पन ते पोत्यातनं भाईर पडलंच न्हाई की!"

*

अण्णांची एक पद्धत होती. गच्चीवर गेले की लोटाभर पाणी मागायचे आणि जमिनीवर ओतायचे. ढाळ बरोबर असला की पाणी गुमान पन्हाळीकडं जातं.

एकदा बार्शीकडच्या एका कुटुंबाचं घर बघत होतो. अण्णांनी पाणी मागितलं. घरातल्या म्हाताऱ्या आजी गुडघ्यावर हात टेकत दोन मजले चढून आल्या. बरोबर पाणी, वर गुळाचा खडा. अण्णांनी गूळ तोंडात टाकला आणि पाणी गच्चीवर ओतलं!

आजी बघतच राहिल्या. "अवो पावणं, पानी प्याचं असतंय! सांडाचं न्हाय!"

पाणी पन्हाळीकडं गेलंच नाही. ते वळलं, जिन्याच्या दाराशी आलं आणि पायरी पायरीनं खाली उतरलं. आजी वाकून बघत होत्या. एकदम ओरडल्या, "आगं बया! हे तर देवघरात निगालं!"

मग अण्णांकडं वळल्या. "चार पावसाळं मी सुनंला बोलतीया, देवापुढं पानी सांडतीस म्हनून!"

सून खाली दारातच उभी होती. तिनं वर बघून अण्णांना असा नमस्कार केला, की मी तरी देवालासुद्धा तसा केलेला नाही.

*

वळसंगचे सिद्रामप्पा. शेती भावावर सोपवून मिलमध्ये लागलेले. चाळीत खोली होती, आता बायकापोरांना आणायचं म्हणून घर बघत होते. आम्हाला घेऊन गेले खरे, पण आम्ही काही बोलायच्या आधी मधल्या खोलीत पटका उशाला घेऊन सरळ आडवे झाले. डोळे मिटले.

दलाल हबकला. "अहो, घर बघा की!"

"बघतोय की."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. अण्णा भिंती मापून आले, चाचा कौलं बघून आले. हे आपले निवांत! दलाल माझ्या कानाशी लागला, "घोरायला लागतील आता."

अर्ध्या तासानं सिद्रामप्पा उठून बसले. पटका झटकला आणि म्हणाले, "शेजारची भिंत अर्ध्या इटेची हाय."

अण्णा चाटच पडले. त्यांनी नुकतंच माप घेतलं होतं, बरोबर तेवढंच. "तुम्हाला कसं कळलं?"

"पल्याड बाई म्हनाली, 'गिऱ्हाईक झोपलंय का मेलंय?' म्हातारा म्हनाला, 'उनातनं आलं आसंल बिचारं. उठलं की च्या दे.' समदं ऐकू येतंय."

दलाल घाईघाईनं म्हणाला, "भिंत जाड करून देऊ!"

"आजाबात नगं!" सिद्रामप्पा म्हणाले. "माझी बायकू गाव सोडून येनार. दिवसभर मी मिलात. तिला कुनाचा तर आवाज नगं का?"

आणि तेच घर घेतलं!

*

भेगेचं एक शास्त्र आहे. भेग जुनी असेल तर भ्यायचं कारण नाही; वाढती असेल तर घर सोडावं. ओळखायचं कसं? भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवायची. महिन्यानं यायचं. काच तडकली, तर भेग चालती आहे!

एका शाळामास्तरांना एक घर फार आवडलं होतं. माजघरात भेग होती. अण्णांनी पट्टी चिकटवली आणि मास्तरांना म्हणाले, "महिनाभर दम धरा."

महिन्यानं गेलो. काच अखंड! मास्तरांचा आनंद काय विचारता! कागद माझ्याजवळ तयारच होते. एवढ्यात अण्णा काचेजवळ वाकले आणि पुटपुटले, "ही काच माझी नाही."

मालक घरात नव्हते. त्यांच्या पत्नी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. अण्णांनी हळूच विचारलं, "वहिनी, ही काच बदलली का हो?"

"हो की!" त्या हसून म्हणाल्या. "तुम्ही लावलेली आठ दिवसांतच फुटली. पाहुण्यांना वाईट वाटायला नको, म्हणून दर वेळी मी नवी बसवते. ही चौथी!"

आम्ही चहा घेतला. तो मात्र उत्तम होता.

*

आता शेवटचा.

नरसम्मा नावाच्या विधवा बाई होत्या, तेलुगू विणकर. घरातच हातमागावर लुगडी विणायच्या. मागाला जागा पुरेल असं घर त्यांनी शोधलं होतं. दारात पाऊल ठेवलं तेव्हाच म्हणाल्या, "मिस्त्री, माग त्या मागच्या खोलीत बसवणार. मी दिवसभर तितंच. नीट बगा."

चाचांनी सगळं घर ठोकून पाहिलं. चौकटी, तुळया, फरशी, सगळं पसंत. मग ते मागच्या खोलीत गेले. तिथं एक आडभिंत होती. तिच्यावर त्यांनी बोटं टेकवली, पण ठोकलं नाही.

"घर घ्या, बाई," ते म्हणाले. "ही भिंत मी पाडून पुन्ना बांधून देतो."

अण्णांनी ओळंबा सोडला. भिंत सुतात होती. ठोकून पाहिलं, आवाज खणखणीत. "चाचा, हिला काय झालंय?"

"ही मीच बांदलीय, सायेब."

नरसम्मांनी घर घेतलं. खरेदी झाल्यावर चाचा आपली हत्यारं घेऊन गेले आणि एकटेच भिंत फोडायला लागले. तिसऱ्या दिवशी अण्णा आणि मी बघायला गेलो. कच्ची भिंत फोडली की विटा अख्ख्या सुटून हातात येतात. पक्क्या जोडाच्या विटा सुटत नाहीत, मोडतात. चाचांच्या पायाशी विटांचा मोठा ढीग पडला होता. अण्णांनी तो काठीनं उकरून पाहिला. त्यात एकही अख्खी वीट नव्हती.

"चाचा," अण्णा म्हणाले, "भिंत तर उत्तम होती हो!"

चाचांनी पहार खाली ठेवली. हाताची धूळ झटकली. आमच्याशी ते नेहमी मराठीतच बोलायचे. त्या दिवशी नाही बोलले.

"दीवार अच्छीच थी, साब. मगर जिस दिन बांद्या, उस दिन मेरेकू घरकू जाने की जल्दी थी."