भावजींची पट्टी आणि ड्रायव्हरकाकांचं टेबल

आमच्या भावजींना कुणी "सध्या काय करता?" असं विचारलं, की ताईच्या कपाळाला आठी पडते. कारण भावजी अगदी गंभीरपणे उत्तर देतात, "जुने कॉम्प्युटर गेम नव्या स्क्रीनवर नीट बसवतो." समोरचा माणूस आदराने मान हलवतो आणि ताईकडे बघतो. त्या बघण्यात "घरी सगळं ठीक आहे ना?" असा प्रश्न असतो.

सगळं ठीक आहे. भावजी अडतीस वर्षं एका छापखान्यात होते. आधी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले, मग कॉम्प्युटर आला तेव्हा पानं लावली. या अडतीस वर्षांनी त्यांना तीन गोष्टी दिल्या: एक भिंग, शर्टाच्या खिशात कायम उभी असलेली एक पोलादी पट्टी, आणि जगातली प्रत्येक वस्तू तिरकी आहे असा संशय. लग्नाच्या बोलणीसाठी आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी ताईकडे बघण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं होतं. ताई हे अजून ऐकवते.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी ते शेजाऱ्यांकडे काही कामाने गेले. तिथे नव्या रुंद मॉनिटरवर एक जुना गेम चालू होता. त्यातली माणसं रस्त्यावरून चालत होती आणि सगळी आडवी सुटली होती. भावजी दारातच थांबले.

"या सगळ्यांना एकदम गालगुंड झालंय का हो?"

शेजारी म्हणाले, "गेम जुना आहे, भावजी. असाच दिसतो."

"असा नाही दिसत. याला ताणलंय. अक्षराला कुणी असं ताणलं असतं तर आमच्या फोरमनने हात कलम केले असते!"

त्या दिवशी ते जेवायच्या वेळेला घरी आले नाहीत. ताईने मला फोन केला, मी शोधत गेलो, तर हे शेजाऱ्यांच्या खुर्चीत. शेजारी बिचारे पलंगावर अंग चोरून बसलेले. पण पडद्यावरच्या माणसांची गालगुंडं उतरली होती.

तेव्हापासून हा उद्योग सुरू झाला. किती लोकांना याची गरज असते हे मला आधी माहीत नव्हतं. कुणाचा गेम नव्या कॉम्प्युटरवर पोस्टाच्या तिकिटाएवढा होऊन कोपऱ्यात बसतो. कुणाचा इतका मोठा होतो की बटणं पडद्याच्या बाहेर जातात. भावजी येतात, सेटिंग उघडतात, नव्या कॉम्प्युटरला "तू मध्ये पडू नकोस, गेमला त्याचं माप ठरवू दे" असं शिकवतात, आणि मग पट्टी काढून खरोखर पडद्यावर लावतात. लोक हसतात. मीही हसायचो. दोन-तीन वर्षं पोटभर हसलो. ड्रायव्हरकाकांकडे गेलो त्या दिवसापर्यंत.

ड्रायव्हरकाका म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. तीस वर्षं बस चालवली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटे राहतात आणि बोलायला लागले तर एका वाक्यात संपवतात. दुपारी जेवण झालं की कॉम्प्युटरवर बिलियर्ड्सचा एक जुना खेळ खेळायचा, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. खेळात हिरवं टेबल, सहा भोकं आणि चेंडू, बास. मग त्यांचा पेटीएवढा जुना मॉनिटर एक दिवस जळका वास सोडून बंद पडला. नर्सबाईंनी नवा कॉम्प्युटर आणला, दुकानदाराने जुना खेळ त्यात घालून दिला. काका खुर्चीत बसले, एक फटका मारला, माउस खाली ठेवला आणि म्हणाले, "हे माझं टेबल नाही."

एरवी यात काही नव्हतं. पण त्याच महिन्यात काकांच्या हातून दोनदा गॅस चालू राहिला होता. डॉक्टरांनी नर्सबाईंना सांगितलं होतं, वही करा, ओळखीच्या कुठल्या गोष्टी ते ओळखत नाहीत ते लिहा, गुरुवारी घेऊन या. त्या वहीवर काकांचं एकटं राहणं ठरणार होतं. दोन खोल्या सोडून वृद्धाश्रमात जायचं की नाही, हे त्या वहीत होतं. आणि वहीत पहिलीच ओळ होती: "रोजचा खेळ ओळखत नाहीत."

नर्सबाई भावजींना म्हणाल्या, "तुम्ही एकदा बघता का? म्हणजे मला तरी कळेल, की मी सगळं करून पाहिलं."

बुधवारी सकाळी आम्ही गेलो. काकांनी भावजींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे डॉक्टर?"

"नाही बाबा, हे खेळ दुरुस्त करतात."

"खेळ बिघडलाय, असं मी म्हटलं का?" काका म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

भावजी कामाला लागले. टेबल पार पडद्याच्या दोन्ही कडांपर्यंत ताणलेलं होतं, चेंडू बटाट्यासारखे. भावजींनी तोंडाने च् च् असा आवाज काढला. तासाभराने त्यांनी खेळ असा बसवला, की जुन्या चित्रातला एकेक ठिपका म्हणजे नव्या पडद्यावर बरोबर पाच ठिपके आडवे आणि पाच उभे. सव्वापाच नाही, साडेचार नाही. कडा कशा, तर ब्लेडने कापल्यासारख्या. भावजींनी भिंग लावून पाहिलं आणि खुर्चीत मागे रेलले. छापखान्यात पहिलं स्वच्छ पान निघालं की ते असेच रेलायचे म्हणे.

"बसा, काका. आता बघा कसं लख्ख दिसतंय."

काका बसले. नेम धरला. चेंडू कडेवर आपटून फिरला आणि भोकापासून चांगला दोन बोटं लांबून निघून गेला.

"हे माझं टेबल नाही," काका म्हणाले.

नर्सबाईंनी वही उघडली नाही, पण हातातल्या पेनचं टोपण त्यांनी काढलं, ते मी पाहिलं. दारात त्या हळूच म्हणाल्या, "तुमचा वेळ गेला, दादा. तुम्ही केलंत, तेवढं पुष्कळ झालं."

आम्ही जिना उतरायला लागलो. भावजींचा चेहरा पडला होता. मी काहीतरी धीर द्यावा म्हणून म्हटलं, "वय झालंय त्यांचं. तुमचं काम तर झकास होतं."

भावजी जिन्यात मध्येच थांबले. "मेहुणे, तो माणूस काय म्हणाला?"

"हे माझं टेबल नाही."

"हा माझा खेळ नाही, असं म्हणाला?"

"नाही."

"मला काही ओळखू येत नाही, असं म्हणाला?"

"नाही हो."

"टेबल म्हणाला. दोन्ही वेळा टेबलच म्हणाला. आणि मी मूर्खासारखा कडा बघत बसलो!" असं म्हणून हे वर. पासष्टीचा माणूस दोन-दोन पायऱ्या चढत होता. वर पोचल्यावर मला दम लागला, त्यांना नाही.

नर्सबाईंनी दार उघडलं तसे ते सरळ पडद्यापाशी गेले आणि पांढऱ्या चेंडूवर पट्टी लावली. आधी आडवी, मग उभी.

"बारा," ते म्हणाले. मग, "दहा."

"म्हणजे?" नर्सबाईंनी विचारलं.

"चेंडू आडवा बारा मिलिमीटर, उभा दहा. म्हणजे अजून चपटाच आहे! बटाट्याचं मी लिंबू केलं आणि त्याला चेंडू समजलो. जुन्या मॉनिटरवर या खेळाचा ठिपकाच उभट दिसायचा. नव्या पडद्यावर ठिपका चौकोनी. मी सगळीकडे पाच-पाच ठिपके दिले, चित्र धारदार झालं, पण टेबल दाबलेलंच राहिलं. चेंडू कडेवर आपटून ज्या कोनात फिरायला हवा, तो कोनच उरला नाही." मग ते काकांकडे वळले. "काका, तुम्हाला ते एका फटक्यात दिसलं. मला तासभर भिंग लावून दिसलं नाही."

काकांनी पहिल्यांदा खिडकीकडची खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "दोन बसच्या मधून तिसरी काढायची तर चार बोटं जागा आहे की तीन, हे तीस वर्षं बघितलंय," ते म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर भावजींनी त्या दिवशी काय केलं ते कळणार नाही. चेंडू गोल करायचा तर प्रत्येक ठिपक्याला पूर्ण पाच मिळत नाहीत. आडवे साडेचार, उभे साडेपाच. कडा किंचित पुसट होतात. आणि पुसट कड हा आमच्या भावजींच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शत्रू. ताईच्या हातची कमी गोड खीर त्यांनी निमूट खाल्ली आहे, पण पुसट छपाईचं लग्नपत्रिकेचं पाकीट परत पाठवलेलं आहे. पत्रिका त्यांच्या स्वतःच्या लग्नाची होती.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सेटिंग बदललं. टेबल थोडं अरुंद झालं, थोडं उंच झालं. कडा पुसट झाल्या. भावजींनी तिकडे न बघता पट्टी लावली.

"आडवा अकराला केसभर कमी. उभा..." ते थांबले. "अकराला केसभर कमी."

काका पडद्यासमोर बसले. यावेळी कुणी त्यांना "बसा" म्हटलं नव्हतं. त्यांनी नेम धरला. चेंडू कडेवर गेला, फिरला, दुसऱ्या चेंडूला अगदी हळू टेकला आणि तो चेंडू कोपऱ्यातल्या भोकात असा पडला, जसा काही वीस वर्षं रोज दुपारी तिथेच पडत आला होता.

"हां," काका म्हणाले. "हे माझं."

नर्सबाईंनी डोळ्यांना पदर लावला. काका त्यांच्याकडे न बघताच म्हणाले, "दोन आठवडे मी काय सांगत होतो? ऐकतं कोण!" मग भावजींना म्हणाले, "या. दोघांचा डाव लावा."

भावजी खेळले. मी काही सांगत नाही. आमचे भावजी जगातला कुठलाही चेंडू गोल करू शकतात, पण त्याला भोकात घालणं हे वेगळं शास्त्र आहे. तीन डाव झाले, तिन्ही डावांत त्यांचा एकच चेंडू गेला, तोही पांढरा, जो जायचा नसतो.

"छापखान्यात सुट्ट्या नसायच्या वाटतं?" काकांनी विचारलं.

डाव संपल्यावर नर्सबाई वहीतली ती ओळ खोडायला बसल्या. काकांनी हात पुढे करून त्यांना थांबवलं.

"नुसतं खोडू नकोस. लिही. गॅस विसरलो, ते खरं आहे, ते राहू दे. त्याला काहीतरी घंटी-बिंटी लाव. पण हे पण लिही. टेबल चपटं होतं. बाबांनी ओळखलं. कॉम्प्युटरवाल्या पाहुण्यांनी उशिरा ओळखलं. लिहिलंस?"

"लिहिलं, बाबा."

"आणि खाली लिही, पाहुणा कच्चा लिंबू."

नर्सबाईंनी तेही लिहिलं. गुरुवारी डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं, हसले आणि काकांना त्यांच्या दोन खोल्यांत ठेवून गॅसला घंटी लावायला सांगितलं. नर्सबाईंनी ही हकिकत फोनवर सांगितली, तेव्हा फोन ताईनेच घेतला होता. ऐकून झाल्यावर तिने फोन ठेवला आणि म्हणाली, "ऐकलंत का? डॉक्टरांच्या कागदात तुमचं नाव कच्चा लिंबू म्हणून गेलंय."

"गेलंय ना?" भावजी म्हणाले. त्यांची छाती दोन इंच फुगली होती. पट्टी लावली असती तर अडीच भरली असती.