निथळणारी छत्री सिनेमात नव्हती

मुलांनो, रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तो मूव्ही कुठला, ज्याच्यात ओली छत्री होती?" आणि मी चिडले. तो मूव्ही नव्हता. ती गोष्ट होती, आणि ती मी सांगितली होती. तुम्हाला सिंगापूरला जाऊन दोनच वर्षं झाली. आणखी दोन वर्षांनी मलाही सिनेमातच पाहिलं म्हणाल, म्हणून आत्ताच नीट लिहून ठेवते.

इथे इंग्लंडात नाताळाला भुताच्या गोष्टी सांगायची जुनी रीत आहे, व्हिक्टोरिया राणीच्या काळापासूनची. नॉटिंगहॅमच्या लायब्ररीने काढून टाकलेल्या पुस्तकांत मला तशा गोष्टींचं एक जाड पुस्तक मिळालं होतं. दर नाताळाला त्यातली एक गोष्ट मी तुम्हाला मराठीत सांगायचे. अडचण एकच होती. डिसेंबरात इथे पावणेचारलाच तिन्हीसांजा होतात, आणि तिन्हीसांजेला आपण भुताचं नाव काढत नाही. इंग्रजांची गोष्टीची वेळ मात्र नेमकी तीच! मग मी नियम केला: आधी दिवा, शुभंकरोति, आणि मग भूत. तुम्ही शुभंकरोति इतक्या घाईने म्हणायचात, की देवच दचकत असेल.

छत्रीची गोष्ट तुम्ही सलग तीन नाताळ मागून घेतलीत. स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये एक शाळातपासनीस एकटाच बसलेला. बाहेर कोरडी थंडी, पाऊस नाही. दाराशी एक छत्री निथळतेय. तो ती पुसून ठेवतो, वळून बघतो, तर पुन्हा खाली थारोळं. बस्स. भूत शेवटपर्यंत दिसत नाही.

चौथ्या वर्षी तुमच्या बाबाने त्याच गोष्टीवरच्या सिनेमाची डीव्हीडी आणली आणि पावणेचारला लावलीसुद्धा.

"अरे, दिवा लागायचाय अजून!"

"आई, दुपार आहे. आणि हे टीव्हीतलं भूत आहे, बाहेर येणार नाही."

पाचव्या मिनिटाला पांढऱ्या डोळ्यांची एक बाई किंचाळत आली. नंतर दर दहा मिनिटांनी येत राहिली. छत्रीचा पत्ताच नाही. मी तसं म्हटलं, तर बाबा म्हणतो, "छत्रीला कोण घाबरतं गं?" तीन वर्षं त्याची स्वतःची पोरं घाबरत होती, ते याच्या गावीही नव्हतं.

सिनेमा संपल्यावर मी दिवा लावला आणि पुस्तक उघडलं. तुम्ही म्हणालात, "आजी, आता नको. बघितली ना आम्ही." मी पुस्तक मिटलं. पुढच्या नाताळाच्या आत तुम्ही गेलात. पुन्हा सांगायची वेळ आलीच नाही.

म्हणून रविवारी मला राग आला. शिवाय बाबा मागून सांगत होता, की त्याने ती डीव्हीडी दोनदा पाहिली, छत्री कुठेच सापडली नाही. कशी सापडेल!

गोष्ट जशीच्या तशी उतरवून पाठवावी म्हणून सोमवारी मी पुस्तक काढलं. दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. पुस्तकातही छत्री नाही. खुंटीवर एक ओला झगा आहे, एवढंच. पहिल्या वर्षी आपल्या पोर्चमध्ये माझी छत्री बादलीत निथळत होती, तुम्ही तिकडेच बघत होतात, आणि सांगता सांगता मी झग्याची छत्री करून टाकली असणार. सिनेमावाल्यांनी गोष्ट बदलली म्हणून मी दोन वर्षं बडबडत होते. तुमच्या बाबाला हे अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

सोबत गोष्ट लिहून पाठवते आहे, छत्रीचीच. दिवा लावून वाचा. तुमच्याकडे सात वाजता अंधार पडतो, चालेल.

पुस्तक कपाटात आहे, डीव्हीडी बाबाकडे आहे. छत्री फक्त आपल्या तिघांना आठवते.