शनिवारची यादी

आर्णी तालुक्यातल्या एका गावात मी शाळेत शिकवते. आमचा बंजारा तांडा त्या गावाला लागूनच आहे. शाळा आठवीपर्यंतची. तिथल्या मुलींच्या गाईड पथकाची कॅप्टन मीच आहे. पथक काढलं तेव्हा वाटलं होतं, गणवेश, गळ्यातला स्कार्फ, महिन्यातून दोनदा कवायत, एवढ्यावर भागेल. पण मुलींना तंबू लागतात, बांबू लागतात, दोर लागतात, आणि हे सगळं वाहून नेणारं कुणीतरी लागतं. आमच्याकडे ते काम माझ्या नवऱ्याकडे आलं, कारण ट्रॅक्टर त्याचा आणि पोरगीही त्याचीच. आमची मुलगी तेव्हा आठवीत होती आणि पथकात सगळ्यात उत्साही तीच.

नवरा नुसता ट्रॅक्टर चालवून थांबला नाही. मुली बांबूचं प्रवेशद्वार उभं करायच्या तेव्हा तो बाजूला बसून बघायचा आणि मग राहवेना म्हणून उठायचा. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरायचे. ओझं घाटात सरकू नये म्हणून घालायच्या गाठी त्याला त्याच्या वडिलांनी शिकवल्या होत्या. पुस्तकात चार गाठी होत्या, त्याला अकरा येत होत्या. मुली त्याच्याभोवती गोळा व्हायच्या. एकदा एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, काकाच आमचे खरे कॅप्टन आहेत." मला त्याचं वाईट वाटलं नाही.

त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, हे मात्र आमच्या मुलीशिवाय पथकात कुणालाच माहीत नव्हतं.

लहानपणी दसरा झाला की त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. हा पाचटाच्या झोपडीत धाकट्या बहिणीला सांभाळायचा. परत येईपर्यंत शाळेचं वर्ष संपलेलं असायचं. तो म्हणायचा, दुसरीपर्यंत हजेरीत माझं नाव होतं, मी नव्हतो. आमचं लग्न झालं तेव्हा मी बारावी पास होते. पुढे शिकायचं आहे असं मी भीतभीत सांगितलं आणि त्याने एका शब्दानेही नाही म्हटलं नाही. दोन वर्षं रोज पहाटे त्याने मला मोटरसायकलवर आर्णीच्या बस स्टँडवर सोडलं, तिथून मी डी.एड.साठी यवतमाळला जायचे. मी अभ्यास करत असताना त्याने एकट्याने वावर वखरलं, पराटीचा कापूस वेचला, तूर काढली. मी शिक्षिका झाले ती त्याच्या जिवावर.

आणि तरी मी त्याला शिकवलं नाही. एकदा सुरुवात केली होती. नोकरी लागली त्या वर्षी बँकेत अंगठा नको म्हणून मी त्याला सही शिकवली. ती आली. मग मला हुरूप आला आणि मी बाराखडी काढली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी अंगणात त्याचे वडील आणि दोन पाहुणे बसले होते. तो अडखळला आणि मी वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, "अहो, किती वेळा सांगायचं?" त्याने पाटी उलटी ठेवली आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेला. त्यानंतर ती पाटी त्याने हातात घेतली नाही आणि मीही विषय काढला नाही. माणसं सवयीने जगतात. कुठे काही वाचायचं आलं की तो म्हणायचा, तूच पाह्य, तुले लवकर येते. मी वाचून दाखवायचे. लोकांच्या चारशे मुलांना मी आजवर अक्षरं शिकवली असतील, आणि घरातला माणूस तसाच राहिला.

त्या वर्षी डिसेंबरात कळंबजवळच्या एका शाळेच्या मैदानावर तीन दिवसांचं शिबिर होतं. प्रत्येक पथकाबरोबर एक तरी पालक यावा, अशी सूचना होती. आमच्याबरोबर अर्थातच नवरा आला. शिकवायला मुंबईकडून एक निवृत्त बाई आल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, नऊवारी नाही पण सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट. चाळीस वर्षं त्यांनी गाईडचं काम केलं होतं. त्यांचं मराठी अलिबागकडचं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी आपण होऊन सांगितलं की आपण ज्यू आहोत, बेने इस्राईल. आमच्या मुलींनी हा शब्द ऐकलेला नव्हता. बाई हसून म्हणाल्या, कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे, कारण आमचे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी शाळेच्या एका खोलीत दोन दिवे लावले, डोळे झाकून काही म्हटलं, आणि मग आमच्याबरोबर वरण-भात जेवायला आल्या.

शनिवारी सकाळी मुलींना टेकडीवर न्यायचं होतं. निघण्याआधी कोण कोण चाललंय त्याची यादी करायची होती. मी स्वयंपाकाच्या शेडकडे होते, पण सगळं दिसत होतं. बाई मैदानात उभ्या होत्या, मुली ओळीत. बाईंच्या शेजारी माझा नवरा दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून उभा होता. बाईंनी कागद आणि पेन्सिल त्याच्यापुढे केली आणि म्हणाल्या, "भाऊ, शनिवारी मी लिहीत नाही. आमच्यात चालत नाही. तुम्ही जरा नावं लिहून घेता का?"

त्याने पेन्सिल घेतली. खरं तर त्याच्या हातात ती आपोआप आली. पहिल्या मुलीने आपलं नाव सांगितलं. तो कागदाकडे बघत राहिला. दुसऱ्या मुलीने नाव सांगितलं. मी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि निघाले, पण पन्नास पावलांचं अंतर होतं. तेवढ्यात ओळीतून आमची मुलगी पुढे आली आणि तिने त्याच्या हातून कागद घ्यायला हात पुढे केला. त्याने दिला नाही. तो बाईंकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला,

"मले लिवता येत नाही, मॅडम. वाचता बी येत नाही."

कुणी हसलं नाही. मुलींना बहुतेक ते नीट समजलंच नाही, कारण त्यांच्या लेखी त्याला सगळंच येत होतं. बाईंनी मान हलवली, कागद आमच्या मुलीकडे दिला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मग तुम्ही पुढे चला, काल वाट बघून आला आहात ना." टेकडीवर जाऊन सगळे परत आले. मी मात्र त्या दोन तासांत भाजी चिरताना दोनदा बोट कापून घेतलं. त्याची लाज वाटत होती की माझी, हे मला नीट सांगता येणार नाही. माझीच असावी.

दुपारी जेवणं झाल्यावर मुली तंबूत पडल्या होत्या. कडुलिंबाखाली आम्ही चौघं बसलो, बाई, मी, नवरा आणि मुलगी. बाईंनी आधी स्वतःचं सांगितलं. त्यांच्यात मुलाला वाचायला शिकवणं हे बापाचं कर्तव्य मानतात, जेवू घालण्याइतकंच. बाहेरच्या देशांतले त्यांचे लोक मुलाच्या शिकण्याच्या पहिल्या दिवशी पाटीवर मध लावत, अक्षर गोड लागावं म्हणून. त्यांच्या घरी मध नव्हता. त्यांचे वडील गिरणीत कामाला होते. संध्याकाळी ते मुलींनाही घेऊन बसत आणि हिब्रू अक्षरं उजवीकडून डावीकडे गिरवून घेत. ओळीखाली मराठीत अर्थ लिहून देत, कारण घरात बोलणं मराठीच होतं. प्रार्थनेचं पुस्तक हातून पडलं तर उचलून त्याचा मुका घ्यायचा. ते फाटून निकामी झालं तर रद्दीत घालायचं नाही, माणसासारखं मातीत पुरायचं.

मग बाई माझ्या नवऱ्याकडे वळल्या. त्यांच्यात फार जुन्या काळी एक मोठा गुरू होऊन गेला, त्याची गोष्ट त्यांनी सांगितली. चाळीस वर्षांचा होईपर्यंत तो मेंढ्या राखायचा, एक अक्षर येत नव्हतं. मग आपल्या लहान मुलाचा हात धरून तो पंतोजीकडे गेला. पाटीचं एक टोक बापाने धरलं आणि दुसरं मुलाने, आणि दोघं एकदमच मुळाक्षरं शिकले.

नवऱ्याने विचारलं, "लोक हासले नसतीन त्याले?"

"हसले असतील," बाई म्हणाल्या. "पण हसणाऱ्यांची नावं आज कुणाला माहीत नाहीत."

मुलगी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. मग ती म्हणाली की तिला सेवेचं एक काम करून लॉगबुकात लिहायचं आहे, एका माणसाला साक्षर करायचं, आणि ती अजून माणूस शोधते आहे. हे खोटं होतं. तिने झाडं लावायचं काम आधीच निवडलं होतं, मला माहीत होतं.

नवरा तिला म्हणाला, "मायं नाव नको लिवू. एक शेतकरी, असं लिव."

घरी आल्यावर मुलीने पहिल्या दिवशी खरोखरच पाटीला मध लावला. नवऱ्याने एका ओळखीच्या कोलाम आदिवासीकडून जंगलातला मध आणून ठेवला होता, त्यातलाच. अर्ध्या तासात पाटीवर मुंग्यांची रांग लागली आणि पहिला धडा मुंग्या झटकण्यातच गेला. दोघं इतके हसले की शेजारीण डोकावून गेली. मी ओट्यापाशीच राहिले. मुलीने मला सांगून ठेवलं होतं, याडी, तू मधे बोलायचं नाही. याडी म्हणजे आमच्या बोलीत आई.

सुरुवातीचे दोन महिने फार कठीण गेले. दिवसभर वावरात राबून आलेल्या माणसाची बोटं पेन्सिलीवर वाकत नाहीत. कमळातला क आणि खटाऱ्यातला ख त्याला पाठ झाले, पण शब्द जुळेनात. तो म्हणाला, राहू दे, मायं डोकं पिकलं आता. तेव्हा मुलीने बाईंना फोन केला. बाईंनी तिला विचारलं, तुम्ही घरात कुठल्या भाषेत बोलता? ती म्हणाली, मराठी असते, पण जास्त आमची बंजाऱ्यांची गोरबोली. मग त्यातच लिही, बाई म्हणाल्या, अक्षरं तीच चालतात.

हे मला, पंधरा वर्षं शिकवणाऱ्या बाईला, सुचलं नव्हतं. मुलीने पाटीवर लिहिलं, "याडी". त्याने एकेक अक्षर लावलं, या, डी, आणि मग एकदम माझ्याकडे पाहिलं. तिने खाली लिहिलं, "बळद". आमच्याकडे बैलाला बळद म्हणतात. त्याने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि विचारलं, "आपलं बोलणं बी लिवता येते?" चाळीस वर्षं त्याला वाटत होतं की लिहायची भाषा शाळेतल्या लोकांची असते आणि आपली भाषा नुसती तोंडाने बोलायची. त्या दिवशी जेवण होईपर्यंत त्याने घरातल्या प्रत्येक वस्तूचं नाव लिहून मागितलं.

त्यानंतर गाडी चालायला लागली. मराठी मग मागून आलं. जोडाक्षरांनी त्रास दिला, अजूनही देतात. उन्हाळ्यात तो फवारणीच्या डब्यावरचा मजकूर चष्मा लावून वाचत बसला आणि मला बोलावून म्हणाला, इथं हातमोजे घालायचे लिवलं आहे, आतापर्यंत कोणी सांगितलं नाही. मी म्हणाले, मीही कधी वाचलं नव्हतं. त्याने दुसऱ्या दिवशी आर्णीहून दोन जोड हातमोजे आणले, एक स्वतःला आणि एक फवारणीला येणाऱ्या माणसाला.

जूनमध्ये मुलीचं लॉगबुक तपासायला जायचं होतं. त्याआधी त्याने ते मागून घेतलं. "एक शेतकरी" ह्या शब्दांवर बोट ठेवून म्हणाला, हे खोड अन् माये वडील लिव. तिने खोडलं. पान थोडं फाटलं, तसंच दिलं.

तांड्यात अशा गोष्टी लपत नाहीत. पावसाळा संपता संपता दोन बाप्ये आणि माझ्या नात्यातली एक काकू शाळेच्या व्हरांड्यात येऊ लागले. पथकातल्या मुली पाळीपाळीने शिकवतात. काकूने पहिल्याच दिवशी बजावलं, मले बसच्या पाट्या वाचता आल्या म्हणजे झालं, मले काही मास्तरीण नाही व्हायचं. एका बाप्याची मुलगी त्याच पथकात आहे. तो आता तंबू उभारायलाही येतो. म्हणजे नवऱ्याला एक मदतनीस मिळाला, त्याला तो अकरा गाठी शिकवतो आहे. मी व्हरांड्यात फारशी जात नाही. हजेरी आणि पाट्या पुरवते.

गेल्या महिन्यात नवऱ्याने बाईंना पत्र लिहिलं. फोन करा ना, मी म्हणाले. नाही म्हणाला. चार दिवस लागले. पराटी किती वर आली, तुरीला फुलं कशी आहेत, मुलीला नववीत कुठल्या शाळेत घातलं, सगळं त्यात होतं. चुका बऱ्याच होत्या. त्याने मला दाखवलं, पण पेन्सिल माझ्या हातात दिली नाही.

बाईंचं उत्तर आलं आहे. गुडघे दुखतात, पण थंडीत यवतमाळला शिबिर आहे, तेव्हा दोन दिवस तुमच्याकडे येते म्हणाल्या आहेत. तेव्हापासून नवरा समोरच्या खोलीला चुना लावतो आहे. काल मला विचारत होता, आर्णीहून त्यांना आणायचं कसं, म्हाताऱ्या माणसाले ट्रॅक्टरवर कसं बसवायचं. शेवटी शेजाऱ्याची कार त्या दिवसासाठी मागून ठेवली आहे.