उत्तरेच्या भिंतीचं सफरचंद

मेघनाचा फोन आला तेव्हा मी वेलिंग्टनला जाणाऱ्या गाडीत होतो. “श्रीकांत गेला रे...” एवढंच ती म्हणाली. पुढच्याच स्टेशनवर उतरलो आणि अप्पर हटला, आमच्या गावी, परत आलो. आजार लांबलेला होता, बातमी अनपेक्षित नव्हती, तरी फलाटावर मला रडू आवरलं नाही.

श्रीकांत, मेघनाचा नवरा, माझा पुण्यापासूनचा मित्र. पेशानं इंजिनिअर, स्वभावानं पुस्तकी. परसात सफरचंद लावायचं ठरल्यावर त्यानं ढीगभर वाचलं. थंडगार जागी झाड उशिरा फुलतं आणि वसंतातल्या हिमापासून वाचतं, हे कळल्यावर पठ्ठ्यानं ते घराच्या उत्तरेला, भिंतीलगत लावलं. उत्तर म्हणजे सावली, हे पुण्याचं गणित! इथे, दक्षिण गोलार्धात, सूर्य उत्तरेकडून तापतो, हे आम्हां दोघांच्याही डोक्यात आलं नाही. भिंत तापायची, झाड सगळ्यांच्या आधी फुलायचं आणि नेमकं हिमात सापडायचं. “अति शहाणा त्याचा बैल रिकामा,” मी चिडवायचो. झाड हलवायला त्याचा जीव होईना. मग दर वसंतात, म्हणजे इथल्या सप्टेंबरात, संध्याकाळी आम्ही जुन्या चादरी घेऊन झाड झाकायचो, ऊन वर आलं की काढायचो. हिम लागलं तर पाकळ्या पांढऱ्याच राहतात, फुलाचं काळीज मात्र काळं पडतं. आत डोकावून बघायला त्यानंच मला शिकवलं.

यंदा झाड फुललं तेव्हा तो खिडकीशी खुर्चीत बसून होता. हवामानखात्यानं आठवडाभर रात्री फ्रॉस्ट, म्हणजे हिम, सांगितलं होतं. मी नेहमीसारखा चादरी घेऊन आलो.

“नको झाकूस,” तो म्हणाला. “ऊन येईपर्यंत मी औषधाच्या गुंगीत जातो. पहाटे काय ती शुद्ध असते. तेव्हा काय, चादरी बघू?”

“अरे, एकही ॲपल धरणार नाही.”

“तू हीप्स, ढिगानं खाल्लीस आजवर. एक वर्ष उपास कर.”

मी मेघनाकडे पाहिलं. तिनं माझ्या हातातल्या चादरी काढून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गवतावरचं पांढरं हिम तुडवत झाडापाशी गेलो. एकेक फूल पाहिलं. सगळी आतून काळी. खिडकीतून त्यानं हातानंच विचारलं, कशी आहेत? मी अंगठा वर केला. तो हसला. त्याला कळलं असणारच... त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही.

आता शेजारच्या झाडांना सुपारीएवढी फळं धरलीत, याला नुसता पाला. मेघना सकाळचा चहा त्याच खिडकीशी घेते. परवा मी तिला विचारलं, “येत्या हिवाळ्यात झाड मागे, सावलीत हलवू या का?”

“नको,” ती म्हणाली. “तिकडे असतं, तर तो होता तोवर फुललंच नसतं.”