चौसष्ट पानं आणि एक रकाना

खराडीतल्या त्या कंपनीत सगळे एकमेकांना नावानं हाक मारत आणि अरे-तुरे करत. त्यामुळे इथे कोणी लहान नाही की मोठा नाही, असा एक गोड समज तिथे नांदत असे. तो साधारण पगारवाढीच्या महिन्यापर्यंत टिके.

आम्रपाली ओव्हाळ तिथे नऊ वर्षं होती. एका परदेशी विमा कंपनीकडे आलेले दावे तपासणारी प्रणाली ती सांभाळायची. शेवटची चार वर्षं त्या कामाची प्रमुख म्हणून. कोणता दावा कुठे अडतो आणि का, हे तिला विचारल्याशिवाय कुणाला कळत नसे. म्हणून २०१७च्या जुलैत बाळंतपणाच्या रजेवर जाण्याआधी तिनं ते सगळं लिहून काढलं. चौसष्ट पानं झाली.

हे घरचं वळण होतं. तिचे वडील सीताराम महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. रस्त्यातल्या चौकोनी खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालून येरवड्याच्या गल्ल्यांना पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. रजेवर जाताना ते मागे वही ठेवून जात. कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, कोणत्या गल्लीला आधी पाणी द्यायचं, कुठल्या टोकाच्या घरात ते उशिरा चढतं, सगळं त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असे. "आपण नसलो म्हणून कुणाचा हंडा रिकामा राहू नये," एवढंच ते म्हणत.

कंपनीतले बाकीचे लोक असला वेडेपणा करत नसत. कामातली एक तरी खोच जो तो डोक्यात ठेवी, म्हणजे गोव्याला गेल्यावर ऑफिसमधून फोन येत, आणि फोन आले की माणसाची किंमत कळे. आम्रपालीला सहा महिन्यांत एकही फोन आला नाही. लेकीला, सुनीतीला, मांडीवर थोपटत ती नवऱ्याला अभिमानानं म्हणाली, "बघ अभय, एक फोन नाही."

"चांगलं आहे ना," अभय म्हणाला. मग जरा वेळानं त्यानं विचारलं, "चांगलंच आहे ना?"

जानेवारीत ती परत कामावर गेली, तर तिच्या जागेवर सौरभ बसलेला. सौरभ तिच्याच हाताखाली शिकलेला. मुलगा वाईट नव्हता. वाऱ्याच्या दिशेला मान वळवणारा होता, एवढंच. तो अर्धवट उठला, म्हणजे उठल्यासारखंही झालं आणि खुर्चीही सुटली नाही.

"अगं, तुझं डॉक्युमेंट काय भन्नाट आहे," तो म्हणाला. "मला काही डोकंच लावावं लागत नाही."

"दिसतंय," आम्रपाली म्हणाली.

मॅनेजर विश्वजीतनं तिला काचेच्या खोलीत बोलावलं. त्याला सहृदय दिसण्याची आवड होती. "तू आधी सेटल हो. बाळ लहान आहे. तुझ्यावर लोड नको."

"मी लोड मागायलाच आलेय."

"तेच म्हणतोय मी. तू इतकी कमिटेड आहेस, म्हणून तर तुझी काळजी वाटते."

या काळजीपोटी तिला बेंचवर ठेवण्यात आलं. शाळेत चुकलेल्या मुलाला बाकावर उभं करतात, अशा कंपनीत न चुकलेल्या माणसाला बाकावर बसवतात. दिवसभर हाताला काम नाही आणि चेहऱ्यावर मात्र काम असल्याचा भाव हवा. पुढे दया येऊन तिला दोन कामं मिळाली. वाढदिवसाचे केक मागवणं, आणि महिला दिनाची समिती.

कंपनीत एक मातृकक्षही होता. पाहुण्यांना तो आवर्जून दाखवत, फक्त दाराबाहेरून. आत महिला दिनाला वाटायच्या चारशे मगांची खोकी रचलेली होती. दुपारी आम्रपाली सुरक्षारक्षकाकडून किल्ली मागून आणायची आणि लेकीसाठी दूध काढायला त्यातल्याच एका खोक्यावर बसायची. खोक्यावर छापलं होतं : 'तिला जमतं'.

फेब्रुवारीत वर्षाच्या कामाच्या श्रेण्या लागल्या. तिची सगळ्यांत खालची होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'अनुपस्थितीचा कामावर परिणाम जाणवला नाही.' शिवाय एप्रिलपासून दाव्यांच्या कामाचा प्रमुख म्हणून सौरभला कायम करणार, असंही कानावर आलं. एकदा तो कायम झाला, की नऊ वर्षांचं काम गेलं ते गेलंच. उरणार केक.

ती मनुष्यबळ विभागातल्या तनुजाकडे गेली. तनुजाचा आवाज दवाखान्यातल्या परिचारिकेसारखा मऊ होता; सुई टोचून झाल्यावर कळायचं.

"कुणाला तरी खालची श्रेणी द्यावीच लागते गं," ती म्हणाली. "जो वर्षभर इथे आहे त्याला दिली तर तो नाराज होतो."

"आणि मी?"

"तू समजूतदार आहेस. आणि खरं सांगू? तू म्हणतेस काम तुझ्यावर अवलंबून होतं. पण सहा महिने तू नव्हतीस, तरी काही अडलं नाही."

"मी सगळं लिहून ठेवलं होतं म्हणून अडलं नाही."

"एक्झॅक्टली," तनुजा समाधानानं म्हणाली.

त्याच बैठकीत तिला नवीन कामही मिळालं. तिच्या चौसष्ट पानांवरून एक नमुना तयार करायचा. यापुढे बाळंतपणाच्या रजेवर जाणाऱ्या प्रत्येक बाईनं आपलं काम तसंच लिहून द्यायचं. महिला दिनाला त्याची घोषणा होणार होती, आणि सुरुवात अक्षतापासून.

अक्षता दोन रांगा पलीकडे बसायची. तिला सातवा महिना होता. हिशेबात हुशार असलेली ती मुलगी हळूच आम्रपालीजवळ आली.

"आम्रपाली, मी किती लिहू? सगळं लिहिलं तर मी तुझ्या शेजारी बेंचवर. नाही लिहिलं तर सहकार्य करत नाही म्हणून शेरा."

आम्रपाली म्हणाली, "सोमवारी सांगते."

रविवारी ती सुनीतीला घेऊन येरवड्याला वडिलांकडे गेली. आप्पांनी नातीला खांद्यावर टाकून सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"चावी कुणाच्या सहीनं दिलीस?"

"कसली चावी, आप्पा? ते सगळं कॉम्प्युटरवर असतं."

आप्पांनी कपाटातून जुनी वही काढली. व्हॉल्व्ह, आटे, गल्ल्या, हे सगळं तिच्या ओळखीचं होतं. मात्र प्रत्येक रजेच्या पानाच्या शेवटी दोन रकाने आखलेले होते, त्यांच्याकडे तिचं कधी लक्ष गेलं नव्हतं. चावी घेणाऱ्याची सही. चावी परत देण्याची तारीख, साहेबाच्या सहीसह.

"गेनबा म्हणून बदली माणूस होता," आप्पा म्हणाले. "माझ्या रजेत त्याला बंगल्यांच्या लाइनीत रोज चहा मिळायला लागला. मी परत आलो तर म्हणाला, आता मीच बघतो, तुम्ही दमलाय. मी साहेबाला पान दाखवलं. गेनबानं मुकाट्यानं चावी दिली." त्यांनी वही मिटली. "लिहायचं ते दुसऱ्याचं अडू नये म्हणून. सही घ्यायची ती आपलं आपल्याला परत मिळावं म्हणून. तू अर्धीच वही शिकलीस, बाळा."

सोमवारी आम्रपाली कामाला लागली. नमुन्याचं पहिलं पान तिनं चार ओळींचं केलं. काम कुणाचं. तात्पुरतं कुणाकडे. मूळ व्यक्तीकडे परत कोणत्या तारखेला. मॅनेजरची सही. पुढे हवी तेवढी पानं. नमुना भरलेला हवा, म्हणून तिनं स्वतःचंच काम भरलं. दाव्यांची तपासणी, आम्रपाली ओव्हाळ. तात्पुरतं सौरभकडे, ३ जुलै २०१७पासून. परत, २ एप्रिल २०१८. मुखपृष्ठावर ठळक अक्षरात घातलं, 'मार्गदर्शन : विश्वजीत'.

विश्वजीतनं मुखपृष्ठ दोनदा वाचलं.

"पहिलं पान बघून घे," ती म्हणाली. "तिथेच सही आहे."

"तुझं काम म्हणजे मी डोळे मिटून सही करतो," तो म्हणाला, आणि त्यानं तसंच केलं.

महिला दिनाला बंगळुरूचे मोठे साहेब, श्रीनिवास, पडद्यावर प्रकटले. पुण्याच्या या नमुन्यानं आपण भारावून गेलो आहोत, असं ते म्हणाले. तो चारही शहरांतल्या ऑफिसांत लागू झाला, भरलेल्या उदाहरणासकट. विश्वजीतला काचेचं एक स्मृतिचिन्ह मिळालं. बायकांना एकेक मग मिळाला, त्यामुळे मातृकक्ष रिकामा झाला आणि आम्रपालीची बसायची सोय गेली. तिनं समितीच्या अधिकारात तिथे एक खुर्ची मागवली. पुढच्याच आठवड्यात अक्षतानं आपल्या रजेसाठी तोच नमुना भरला. परतीची तारीख तिनं ठसठशीत लिहिली आणि सही सुकेपर्यंत विश्वजीतसमोरून हलली नाही.

एप्रिलच्या दोन तारखेला, सोमवारी, आम्रपाली पहिल्या पानाची प्रत घेऊन सौरभच्या टेबलाशी उभी राहिली. त्यानं ती वाचली आणि वारा कुठून येतोय ते पाहावं तसं काचेच्या खोलीकडे पाहिलं. विश्वजीत बाहेर आला.

"हा तर नुसता नमुना होता, आम्रपाली."

"हो. चारही ऑफिसांत नमुना म्हणूनच लागलाय."

"मला आधी सांगायचंस तरी."

"पहिलं पान बघून घे म्हणाले होते. सही तुझी आहे, विश्वजीत."

विश्वजीतनं पान पुन्हा वाचलं, खरं तर पहिल्यांदाच. हे रद्द करायचं म्हणजे ज्यासाठी बक्षीस घेतलं ते आपण वाचलं नव्हतं, असं श्रीनिवासना कळवणं आलं. स्मृतिचिन्ह त्याच्या टेबलावर उन्हात चमकत होतं. त्यानं घसा साफ केला.

"तसंही मी हेच करणार होतो," तो म्हणाला. "तू सेटल व्हायची वाट बघत होतो."

सौरभनं आपला चार्जर आणि कॅक्टसची कुंडी उचलली. जाता जाता तो म्हणाला, "अडलं तर तुलाच विचारू ना?" आम्रपाली म्हणाली, "विचार. एकतिसाव्या पानावर असेल." श्रेणी मात्र खालचीच राहिली. ती बदलायची तर दुसऱ्या कुणाची तरी उतरवावी लागली असती, आणि तो नाराज झाला असता.

दुपारी तिनं येरवड्याला फोन लावला.

"आप्पा, चावी मिळाली."

पलीकडे, दिवसभरासाठी आजोबांकडे ठेवलेली सुनीती काहीतरी बडबडत होती. तिला गप्प करून आप्पांनी विचारलं, "मिळाल्याची सही केलीस?"

"नाही."

"मग कर आधी."

आम्रपालीनं फोन कानाशी धरूनच ते पान पुढे ओढलं.