लेव्हेंडरचा मांडव

सौंसरच्या बाजारात गुणवंताचं हारांचं दुकान आणि माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक पत्रा आहे. पलीकडचं सगळं मला ऐकू येतं, न ऐकायचंही. तरीसुद्धा गुणवंताला पाच वर्षं कशाचाच वास येत नव्हता हे मला त्याच्या पोरीच्या लग्नात कळलं, याचा मला अजून राग आहे. तुमचा तसा पचका होऊ नये म्हणून आधीच सांगून टाकतो.

गिऱ्हाईक आलं की गुणवंता मोगऱ्याची ओंजळ नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि लांब श्वास घेऊन म्हणायचा, "वा! आजची खुशबूच अलग हाय." त्याआधी त्याची बायको चंद्रकला वहिनी टोपलीवर वाकून गेलेली असायची. तिनं पदर सारखा केला तर माल ताजा, नाक खाजवलं तर कालचा. कालचा असला की गुणवंता तीच ओंजळ नाकाशी धरून म्हणायचा, "मंदिरासाठी चालून जाईन." असं नाक पंचक्रोशीत नाही, असं लोक म्हणत. मीही म्हणत होतो.

वास गेला तो कोरोनात. शिवानी तेव्हा नागपुरात होस्टेलवर राहून लॅबचा कोर्स करत होती. होस्टेल बंद झालं, बसगाड्याही बंद झाल्या. गुणवंता मोटरसायकल काढून शेतांच्या, संत्र्याच्या बागांच्या आडवाटांनी गेला आणि पोरीला मागं बसवून घेऊन आला. पाचव्या दिवशी दोघंही तापानं पडले. शिवानी आठ दिवसांत उठली. गुणवंताही उठला, पण त्याचं नाक काही उठलं नाही.

ते पोरीला कळू द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं. कळलं तर ती म्हणेल, माझ्यापायी झालं. दुकानाचं त्याला तेवढं नव्हतं, कारण लोक हार शेवटी डोळ्यांनीच घेतात. शिवानीला मात्र जन्मात कळू नये, एवढाच त्याचा हट्ट होता.

यंदा शिवानीचं लग्न पांढुर्ण्याच्या गजेंद्रशी ठरलं. मुलगा बँकेत, वडील रघुनाथराव संत्र्याचे बागायतदार, माणसं सरळ. गजेंद्रनं पहिल्या भेटीत तिला लेव्हेंडरच्या अत्तराची बाटली दिली होती. बाटली अंगठ्याएवढी, पण तिचा परिणाम थेट मांडवापर्यंत पोचला.

"बाबा, मले काहीच नको," शिवानी दुकानात येऊन म्हणाली. पत्र्याअलीकडे मी चष्मा पुसत होतो. "फक्त मांडवात पाय ठेवला का लेव्हेंडरची खुशबू आली पाहिजे. बस."

"होऊन जाईन," गुणवंता म्हणाला.

हा त्याचा स्वभाव. कुणी त्याच्याकडे समुद्रातलं कमळ मागितलं असतं तरी तो होऊन जाईन म्हणाला असता आणि शेजारच्या रामाकोना गावच्या तळ्यात उतरला असता. पोरीनं जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. मागितलं ते नेमकं वासाचं.

तो नागपूरच्या फुलबाजारात गेला. तिथल्या व्यापाऱ्यानं त्याला प्लास्टिकचं लेव्हेंडर दाखवलं. खरं पाहिजे तर काश्मिरातून मागवावं लागेल आणि येईस्तोवर त्याचा चहा होईल, असंही सांगितलं. गुणवंता परत आला आणि रामाकोन्याच्या एका शेतातला जांभळा एस्टर सगळाच्या सगळा बोलून ठेवला. रंगाचं काम झालं. माळा अशा गुंफल्या की मीसुद्धा त्याला नावं ठेवू शकलो नाही, आणि नावं ठेवण्यात मी कमी नाही.

वास राहिला होता. तो त्याला बोरगावच्या रस्त्यावरच्या एका दुकानात सापडला. पाच लिटरचा कॅन, त्यावर जांभळ्या तुऱ्यांचं चित्र, खाली ठळक अक्षरात 'लेव्हेंडर'. दुकानदारानं विचारलं, "जागा कितीक हाय?" गुणवंता म्हणाला, "तीनशे माणूस बसते." दुकानदार म्हणाला, "मंग पाच लिटर पुरते." दोघांचंही बोलणं चोख होतं. कॅनवर बारीक अक्षरात आणखीही काही लिहिलं होतं, पण चित्र इतकं स्पष्ट असताना बारीक अक्षरं कोण वाचतो?

लग्नाच्या दिवशी सकाळी तो साळ्याच्या बागेतला पाठीवरचा फवारणीपंप घेऊन माझ्याकडे आला. "मुकुंदभाऊ, चार खेप धुतला. औषधाचा वास येते का पहा बरं."

"तुझं नाक कुठं गेलं?"

"सर्दी झाली ना बाप्पा."

मे महिन्यात सर्दी. मी पंप हुंगला, स्वच्छ होता, तसं सांगितलं. कॅन त्यानं आणलाच नव्हता. आणला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती.

कॅन हुंगवायला तो घरी वहिनीकडे गेला होता, असं मला नंतर कळलं. पण वहिनी पाहुण्या बायकांच्या घोळक्यात होती आणि शिवानी तिच्या शेजारीच मेंदी खरवडत बसली होती. तिच्यादेखत 'हे हुंगून पाह्य' कसं म्हणायचं? "अवं, जरा इकडं ये ना," एवढं तो म्हणाला. वहिनी म्हणाली, "मले दम खायले फुरसत नाही अन् तुमचं काय चालून राहिलं?" तो कॅन उचलून परत गेला.

दुपारी तीनला, लोक जेवून लवंडलेले असताना, गुणवंतानं पंप पाठीवर घेतला आणि कापड, खांब, खुर्च्या, एस्टरच्या माळा, सगळं फवारून काढलं. संत्र्याच्या बागेवर फवारतात तसं, वरून खाली, एक पान सुटू न देता.

संध्याकाळी मी पोचलो तेव्हा मांडवाच्या दाराशी रामाकोन्याचा एक म्हातारा चपला हातात घेऊन उभा होता. त्याला वाटलं, फरशी आत्ताच पुसली आहे, वाळू द्यावी. दोन बायका एकमेकींना विचारत होत्या, कोण भरती हाय म्हणून. मी आत पाऊल टाकलं आणि मला सरकारी दवाखान्यातलं माझं हर्नियाचं ऑपरेशन आठवलं. फिनाइल होतं ते. लेव्हेंडरचं, पण फिनाइलच.

वरात आली. रघुनाथराव आत आले, थबकले, त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. सभ्य माणूस. म्हणाले, "व्याही, साफसफाई मात्र एक नंबर ठेवली हो."

"पोरीची हौस," गुणवंता हात जोडून म्हणाला. त्याचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. मी त्याला बाजूला घ्यायला निघालो, पण तेवढ्यात मामा शिवानीला घेऊन आला.

ती दारात थांबली. वास तिलाही आला, लॅबमध्ये रोज येत असणार. तिची मान वर गेली आणि ती काही बोलणार, तेवढ्यात गुणवंता पुढं झाला. त्यानं डोळे मिटले, दुकानात घ्यायचा तसा लांब श्वास घेतला आणि म्हणाला, "वा! आली ना तुह्या लेव्हेंडरची खुशबू?"

शिवानी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं दाराच्या खांबावरची एस्टरची माळ ओढून त्याच्या नाकाशी धरली. माळेला फिनाइलचा नुसता भपकारा येत होता. तो हसतच होता. आपल्या गावातल्या कुणाला कळलं नाही ते तिला तेवढ्यात कळलं. मलाही तेव्हाच.

"कवापासून, बाबा?"

"काय कवापासून?"

"सांगा."

गुणवंताला खोटं फक्त गिऱ्हाइकाशी बोलता येतं. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "तुले नागपुरातून आनलं ना, तवापासून. तू मनाले लावून नको घेऊ."

शिवानीनं बापाचा हात धरला आणि भर मांडवात हमसून हमसून रडायला लागली. बायकांना बरं वाटलं. एवढा वेळ झाला तरी पोरगी रडत कशी नाही, याची त्यांना चिंता होतीच. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती, ते कबूल करतो. रघुनाथरावांना मात्र वाटलं, सुनेच्या डोळ्यांत औषध गेलं. ते ओरडले, "अरे, नवरीकडं पंखा फिरवा कोणी!"

गुणवंताच पंखा फिरवायला निघाला. पण शिवानीनं हात सोडला नाही, म्हणून पंखा होता तसाच राहिला.