सासूबाईंच्या कमरेवर माझा पाय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, देवळात हात जोडतानासुद्धा मनातल्या मनात नाही. तुम्ही परके, म्हणून सांगते — परक्यापुढे कसं, तोंड जरा धजतं.

लग्न होऊन मी आरोंद्याहून आचऱ्याला आले, ती पायाळू म्हणून. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याने दुखऱ्या कमरेला पाय लावला की उसण उतरते, असा आमच्याकडे सगळ्यांचा विश्वास. सासूबाईंची कंबर भातलावणीत वाकून वाकून कायमची धरलेली. निगडीच्या पाल्याचा शेक झाला, उंडीचं कडू तेल चोळून झालं, गरम वाळूच्या पुरचुंड्या झाल्या. शेवटी त्यांनी पायाळू सूनच शोधली. माझं काळं रूपही चालवून घेतलं.

पण पायाळू मी नव्हतेच. पायाळू माझी थोरली बहीण, आणि तिचं लग्न आधीच होऊन गेलेलं. बाबांनी मध्यस्थाला बेधडक सांगितलं, ती हीच. निघताना आई कानाशी एवढंच म्हणाली, "थंय तोंड उघडू नको."

हे खोटं बाबांचं. माझं अजून यायचंय — थांबा जरा.

रोज सकाळी सासूबाई पडवीत पालथ्या पडायच्या आणि मी डावा पाय सात वेळा त्यांच्या कमरेला लावायची. मग वाडीतली माणसंही येऊ लागली. उसण ती, तीन-चार दिवसांत आपली आपण उतरते. नाव मात्र माझ्या पायाचं. पायाळूवर वीज पडते म्हणून आभाळ जरा गुरगुरलं की मला माजघरात कोंडायचे. बाकीच्या जणी मळ्यात, त्यांचं हसणं आत ऐकू यायचं, आणि मी धडधाकट बाई भ्यायचं सोंग करत बसलेली! हसू येतं ना? मला रडू यायचं. सांगणार कुणाला? त्या घरात माझी किंमत ती काय — एक पाय.

सासूबाई जिभेच्या तिखट. पण माझा पाय पाठीवर असला की मऊ व्हायच्या, "गो बाय" म्हणायच्या. तेवढ्यासाठी मी सकाळची वाट बघायची, हेही खरं.

चार-पाच वर्षांनी दुखणं कमरेतून मांडीत, पोटरीत उतरलं. एकदा त्यांच्या टाचेत माशाचा काटा रुतलेला मला दिसला. रक्त येत होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता. काटा मी उपसला, तरी त्यांना कळलं नाही. ही उसण नव्हे — मला तेव्हाच समजलं. कसं समजणार नाही?

नवरा मुंबईला नोकरीला; त्याच महिन्यात त्याचं पत्र आलं. मोठ्या इस्पितळात हाडांचा डॉक्टर आहे, पावसाने बोटी बंद व्हायच्या आत आईला पाठव. पत्र मीच वाचून दाखवलं. सासूबाई बोटीला भ्यायच्या. माझ्याकडे बघत राहिल्या.

"तू सांग गो. तुझ्या पायान बरा होतला, तर मी कित्याक जाव?"

डॉक्टरने बरं केलं तर? मग माझा पाय कशाला हवा? मग मी तरी कशाला? आणि नाहीच म्हणाला, ही उसण नाही म्हणाला — लोक विचारायला लागले असते, आणि खरी पायाळू कोण हे ठाऊक असलेलं आरोंदा काही फार लांब नव्हतं.

"तुमी जाव नका, आये," मी म्हटलं. "माझ्या पायान बरा होतला."

हे माझं. बाबांनी शिकवलेलं नाही, आईने पढवलेलं नाही.

बोटी बंद झाल्या. त्या पावसाळ्यात सासूबाईंचे पाय गेले. दिवाळीनंतर नवऱ्याने त्यांना उचलून मुंबईला नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाला, उशीर झाला. मला कुणी काही विचारलं नाही. नऊ वर्षं त्या अंथरुणावर होत्या. रोज सकाळी पाय लावायला सांगायच्या आणि मी लावायची. आल्यागेल्याला म्हणायच्या, "हिच्या पायान मी इतक्या तरी तगलंय."

शेवटच्या दिवसांत एका सकाळी त्यांनी मला उशाशी बसवलं. माझा पाय दोन्ही हातांनी धरला — सासू असून — आणि डोळ्यांना लावला.

मी पाय काढून घेतला नाही.